षड्ज तळाच्या तारेवर

परभणीत वसमत रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी अठरा वर्षांपासून गिटार शिकवतो. त्याआधीची अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात गेली. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, कधी नांदेड, कधी जालना. टेम्पोत मागे स्पीकरच्या पेट्या आणि पेट्यांवर आम्ही. रात्री उशिरा कार्यक्रम संपायचा आणि बोटांची टोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत राहायची. ते सोडून शिकवायला लागलो तेव्हा जो भेटेल तो हळहळायचा. "चांगला वाजवत होतास की रे, मग शिकवण्या कशाला?" आमच्या गावाच्या नावानं एक म्हण पिढ्यानपिढ्या चालत आली आहे : बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. वादकाच्या आयुष्यातली शिकवणीची जागाही लोकांनी अशीच ठरवून टाकलेली असते. मंचावर जमलं तर जमलं, नाहीतर शिकवणी आहेच.

रॉबर्ट फ्रिप यांच्यावर मराठीत लिहावंसं वाटलं ते या हळहळीमुळे. किंग क्रिम्झन या जगभर गाजलेल्या रॉक बँडचा हा गिटारवादक वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हात उत्तम चालत असताना, गाठीशी नाव असताना, एका जुन्या वाड्यात अनोळखी माणसांच्या घोळक्यासमोर शिकवायला बसला. त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी ते काम सोडलं नाही. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी वाजवणंही सोडलं नाही. त्यांचं शिकवणं म्हणजे 'नहीं तो' नव्हतं. मग ते काय होतं, हे समजून घेण्यासाठी मी विद्यार्थ्यांकरिता टिपणं लिहायला लागलो. त्या टिपणांची पुढे प्रकरणं झाली आणि आता पुस्तक झालं आहे. ते उघडण्याआधी हा माणूस कोण, आणि परभणीच्या मुलांना मी त्याच्याबद्दल का सांगतो, एवढं सांगायला ही प्रस्तावना.

त्यांचं संगीत माझ्यापर्यंत आलं ते एका कॅसेटमधून. कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या मित्रानं ती दिली होती. 'रेड' या अल्बमची ती नक्कल होती, आणि त्यातलं शेवटचं गाणं 'स्टारलेस'. गाण्याच्या मधल्या भागात गिटार जवळजवळ एकाच स्वरावर थांबते. खाली तेरा मात्रांचं आवर्तन फिरत राहतं, ड्रम हळूहळू दाट होत जातो, आणि गिटार तो एकच स्वर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी तेव्हा ऑर्केस्ट्रातला वेगवान हात म्हणून ओळखला जायचो. हे ऐकून पहिल्यांदा राग आला. यात वाजवण्यासारखं आहे काय? तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं की तो स्वर प्रत्येक वेळी वेगळा लागतोय, आणि मला तो एकदाही तसा लावता येत नाही. वेग दाखवू शकणारा माणूस एका स्वरावर इतका वेळ का थांबतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे.

फ्रिप यांचा जन्म १६ मे १९४६ चा, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या विम्बोर्न या छोट्या गावातला. पहिली गिटार १९५७ च्या नाताळात मिळाली, अकराव्या वर्षी. ते मूळचे डावखुरे. गिटार मात्र उजव्या हाताची धरली. आपल्याला सुराचा कान नव्हता आणि लयीची जाणही नव्हती, असं ते स्वतः सांगत आले आहेत. मला या माहितीचं मोल फार वाटतं. ज्याच्या गळ्यात किंवा बोटांत आपोआप सूर असतो, त्याला तो कुठून येतो हे कधी शोधावं लागत नाही. ज्याला एकेक पायरी चाचपत चढावी लागली, त्याला पायऱ्या किती आहेत हे ठाऊक असतं. फ्रिप किशोरवयातच इतरांना गिटार शिकवू लागले होते. पुढे बोर्नमथच्या एका हॉटेलात नृत्याच्या वाद्यवृंदात वाजवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. ही ओळ वाचली तेव्हा टेम्पोतल्या स्पीकरच्या पेट्या आठवल्या.

बँडची कहाणी इतरत्र भरपूर लिहिली गेली आहे, म्हणून इथे थोडक्यात. १३ जानेवारी १९६९ रोजी लंडनमध्ये एका कॅफेच्या तळघरात किंग क्रिम्झनची पहिली तालीम झाली. सहा महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखोंच्या गर्दीसमोर ते वाजवत होते. ऑक्टोबरमध्ये 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' हा पहिला अल्बम आला. वर्ष संपायच्या आत मूळ बँड फुटला. त्यानंतर माणसं येत गेली, जात गेली, टिकले ते फ्रिप एकटे. आणि सप्टेंबर १९७४ मध्ये, 'रेड' बाजारात येण्याच्या तोंडावर, त्यांनी स्वतःच बँड बंद केला. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

बँड फुटतात, त्यात नवल नाही. पुढे जे झालं त्यात आहे. जॉन बेनेट नावाच्या इंग्रज विचारवंताचं, म्हणजे आध्यात्मिक गुरू गुर्जिएफ यांच्या शिष्याचं, एक भाषण त्यांच्या वाचनात आलं होतं. बेनेट यांचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निधन झालं. ग्लॉस्टरशर परगण्यात शेरबोर्न हाउस या मोठ्या जुन्या घरात बेनेट यांनी एक निवासी शाळा सुरू केली होती. फ्रिप १९७५ च्या शरदात तिथे दाखल झाले आणि दहा महिने राहिले. स्वयंपाक, खोदकाम, झाडलोट, ध्यान, शरीराच्या हालचालींचे अवघड वर्ग. त्यांचे अल्बम विकले जात होते आणि ते थंडगार घरात फरशी पुसत होते.

चरित्रकार या दहा महिन्यांवरून झरझर पुढे जातात, कारण तिथे संगीत नाही. मला मात्र सगळ्या कारकिर्दीचा सांधा इथेच दिसतो. वादक आणि शिक्षक यांच्यामधला हा दहा महिन्यांचा विद्यार्थी नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्याकडे कुणी वादन सोडून शिकवायला लागतो तेव्हा तो थेट वादकाच्या खुर्चीतून शिक्षकाच्या खुर्चीत बसतो. जे हाताला येतं तेच समोरच्याला देतो. मीही पहिली सहा-सात वर्षं तेच केलं. ऑर्केस्ट्रात जे पाठ होतं ते मुलांकडून पाठ करून घेतलं. "सर, हे बोट इथंच का?" असं कुणी विचारलं की, "तसंच असतं" हे माझं उत्तर. हात काय करतो हे मला तोंडानं सांगता येत नव्हतं, कारण मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

शेरबोर्नमधून बाहेर पडल्यावर फ्रिप परत वाजवायला आले, पण पूर्वीसारखे नाही. १९७७ मध्ये ते पीटर गॅब्रिएल यांच्या दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी डेव्हिड बोवी यांच्या 'हीरोज' अल्बमसाठी ब्रायन ईनो यांनी त्यांना बर्लिनला बोलावलं. 'हीरोज' या गाण्यात जो लांबलचक, गात राहणारा गिटारचा स्वर आहे, तो त्यांचा. गिटारचा आवाज स्पीकरमधून परत गिटारवर येऊन तार आपोआप कंप पावत राहते, त्याला फीडबॅक म्हणतात. कोणत्या स्वरासाठी स्पीकरपासून किती दूर उभं राहायचं, याच्या जागा त्यांनी स्टुडिओच्या जमिनीवर खुणा करून ठरवल्या होत्या. ऑर्केस्ट्रात फीडबॅक म्हणजे शिटी, आणि शिटी म्हणजे साउंडवाल्याशी भांडण. त्याच गोष्टीतून पायाखालच्या जागा मोजून कुणी स्वर काढू शकतो, हे कळलं त्या दिवशी मी वर्गातल्या जमिनीवर खडूनं रेघा मारल्या होत्या. १९८१ मध्ये त्यांनी किंग क्रिम्झन पुन्हा उभं केलं, 'डिसिप्लिन' हा अल्बम केला. त्यात दोन गिटार एकमेकींत अशा गुंततात की कुठला स्वर कुणाचा हे सांगता येत नाही. १९८४ मध्ये तोही बँड थांबला.

मार्च १९८५. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात क्लेमाँट कोर्ट नावाचा एकोणिसाव्या शतकातला वाडा आहे, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भावाच्या नातवानं बांधलेला. बेनेट यांच्या परंपरेतल्या लोकांनी तिथे शिक्षणाचं केंद्र उभारलं होतं. त्यांनी फ्रिप यांना गिटारचा एक वर्ग घ्यायची विनंती केली. त्या वर्गातून जे सुरू झालं त्याचं नाव 'गिटार क्राफ्ट'. पहिल्या पातळीचा वर्ग साडेपाच दिवसांचा. नवशिक्या आणि कसलेला असा भेद नाही. सगळे एकाच वर्तुळात बसायचे. इलेक्ट्रिक गिटार नाही, पोलादी तारांची साधी ॲकॉस्टिक. सकाळी गिटार हातात घेण्याआधी अर्धा तास नुसतं बसायचं, काहीही न करता. स्वयंपाकघरात पाळ्या. काही जेवणं मौनात. बसण्या-उभं राहण्यातला ताण ओळखायला शिकवणारे अलेक्झांडर पद्धतीचे शिक्षक. आणि आठवड्याच्या अखेरीला अचानक कळायचं की आज गावात जाऊन लोकांसमोर वाजवायचं आहे.

यातली सगळ्यात धाडसी गोष्ट तारांच्या जुळणीची. इथे जरा थांबतो, कारण या पुस्तकाचा निम्मा भाग त्यावर आहे.

जगातली बहुतेक गिटार जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावलेली असते. सप्टेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सॉनामध्ये बसलेले असताना फ्रिप यांना वेगळीच जुळणी सुचली. व्हायोलिनसारखी, प्रत्येक तार खालच्या तारेच्या पंचमावर. सहाही तारा तशाच लावायचा मूळ बेत होता, पण सर्वांत वरची तार तितकी ताणली की तुटायची. म्हणून शेवटची तार खाली आणावी लागली आणि जुळणी ठरली ती अशी : सी, जी, डी, ए, ई, जी. गिटार क्राफ्टमध्ये आलेल्या प्रत्येकानं हीच जुळणी वापरायची, असा दंडक होता.

याचा परिणाम काय झाला असेल, ते गिटार वाजवणाऱ्यालाच कळेल. वीस वर्षं वाजवणारा माणूस येतो, नेहमीच्या जागी बोट ठेवतो, आणि भलताच स्वर निघतो. पाठ असलेला प्रत्येक कॉर्ड, घासून घासून गुळगुळीत केलेली प्रत्येक तान, सगळं निरुपयोगी. कालपासून शिकणारा आणि हा शेजारी शेजारी बसून एकच स्वर शोधू लागतात. आणि स्वतः फ्रिप? सत्तावीस वर्षांच्या मेहनतीनं तयार झालेला हात त्यांनी बाजूला ठेवला आणि विद्यार्थ्यांबरोबर पहिल्यापासून सुरुवात केली. १९९४ मध्ये किंग क्रिम्झन परत आलं तेव्हा तिथेही ते याच जुळणीत वाजवत होते. शिकवण्यासाठी म्हणून काढलेली वाट त्यांच्या मंचावरच्या वादनाची वाट झाली.

ही जुळणी मी पहिल्यांदा माझ्या गिटारवर लावली तेव्हा मोकळ्या तारा छेडून कान टवकारले. सीला षड्ज धरा. सा, प, रे, ध, ग, प. ओळीनं मांडले तर सा रे ग प ध. भूप! भूप जमला की शिकण्याची सुरुवात नीट झाली, असं आमच्याकडे गुरुजी मानतात, आणि इंग्लंडच्या एका रॉक वादकानं सॉनात बसून शोधलेल्या जुळणीच्या मोकळ्या तारांत त्याचेच पाच स्वर होते. उत्साहात मी हे चार जणांना सांगितलं. नंतर शांतपणे पाहिलं तर नेहमीच्या जुळणीतही तेच आहे. ई, ए, डी, जी, बी, ई मध्ये जीला षड्ज धरला तर ध, रे, प, सा, ग, ध. भूपाचेच पाच स्वर. म्हणजे शोध माझा अर्धाच. पण फरक उरतो आणि तो मोठा आहे. नेहमीच्या गिटारमध्ये षड्ज तिसऱ्या तारेवर, सगळ्यांच्या मध्ये हरवलेला, तळाला धैवत. फ्रिप यांच्या जुळणीत षड्ज तळाच्या तारेवर, खर्जात, आणि त्याच्या लगेच वर पंचम. तानपुरा ऐकून वाढलेल्या कानाला ही गिटार परकी वाटत नाही. हार्मोनियमच्या वर्गातून माझ्याकडे येणारी मुलं नेहमीच्या जुळणीत पहिले काही महिने चाचपडतात. या जुळणीत सरगम म्हणत म्हणत ती लवकर रुळतात, असा माझा अनुभव आहे.

वर्तुळाबद्दलही सांगायला हवं. गिटार क्राफ्टमध्ये एक प्रकार असतो : प्रत्येकानं एकच स्वर वाजवायचा आणि तो शेजाऱ्याकडे सोपवायचा. मग त्याचा स्वर, मग त्याच्या शेजाऱ्याचा. वीस जणांच्या वर्तुळात एक सुरावट फिरू लागते, जी कुणा एकाची नसते. यातून त्यांनी 'लीग ऑफ क्राफ्टी गिटारिस्ट्स' हा वाद्यवृंद उभा केला. त्याचा अल्बम १९८६ मध्ये आला. ट्रे गन हे इथलेच विद्यार्थी, पुढे किंग क्रिम्झनमध्ये फ्रिप यांच्याच शेजारी उभे राहिले. अमेरिकेतले पॉल रिचर्ड्स, बेल्जियमचे बर्ट लाम्स आणि जपानचे हिदेयो मोरिया हे तिघेही या वर्गांतून एकत्र आले आणि १९९१ पासून 'कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ' म्हणून जगभर वाजवू लागले. २५ मार्च २०१० रोजी, पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, फ्रिप यांनी गिटार क्राफ्ट हे नाव थांबवलं. काम 'गिटार सर्कल' म्हणून पुढे चालू राहिलं. त्याच नावाचं त्यांचं जाडजूड पुस्तक २०२२ मध्ये निघालं.

मराठी वाचकाला यात नवं काय, असं कुणी विचारेल, आणि ते रास्त आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी हे आपल्याकडे आधीच केलं होतं. कुरुंदवाडचा हा मुलगा, फटाक्यानं डोळे गेल्यावर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला, १८९६ मध्ये बाहेर पडला, राजेरजवाड्यांपुढे गाऊन नाव मिळवलं. पुढे सुखानं दरबारी गवई होता आलं असतं. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं. गाणं शिकवू शकतील अशी माणसं तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग चालवला. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. १९३१ मध्ये मिरजेत ते वारले तेव्हा पैसा उरला नव्हता, पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर उरले होते. आज परभणीतली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, त्याची मुळं तिथे आहेत. पलुसकर हा मैफल गाजवणारा गायक होता आणि शिक्षक झाला. त्यांच्याबद्दल कुणी हळहळलं नाही. मग आज गिटारवाल्या, तबल्यावाल्या, ऑक्टोपॅडवाल्या पोराबद्दल आपण का हळहळतो?

फरक आहे तो असा. पलुसकरांना गाणं घराघरात न्यायचं होतं; त्यासाठी स्वरलिपी, क्रमिक पुस्तकं, परीक्षा हव्या होत्या. त्यांनी दार रुंद केलं. फ्रिप यांच्या काळात दार केव्हाच सताड उघडं होतं. वेग शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ ढिगानं मिळत होते. ते गेले उलट दिशेला, एका स्वराच्या आत. मला दोघेही लागतात. माझ्या वर्गात परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत आणि त्यांच्याकडून मी सकाळची पाच मिनिटं नुसतं बसवूनही घेतो. अर्धा तास जमत नाही. खाली दुधाची गाडी येते.

गिटार क्राफ्टमधलं सगळंच मला पटतं असं नाही. नियमांचा काच फार. गुर्जिएफ परंपरेतली जी भाषा तिथे वावरते, ती बाहेरच्याला बंद खोलीसारखी वाटू शकते. शिवाय विमानानं जाऊन, फी भरून साडेपाच दिवस राहू शकणाऱ्यांसाठीच ते दार उघडं होतं, हेही खरं. स्वयंपाकघरातल्या पाळ्यांबद्दल आमच्या ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं मी ऐकलं आहे : गुरूच्या घरी पाणी भरणं, लाकडं फोडणं हे तर आपलंच आहे. आहे. पण बाळकृष्णबुवांसारख्यांनी गुरुगृही उपसलेले कष्ट वाचताना अंगावर काटा येतो, तो केवळ आदरानं येत नाही. तिथे काम हे शिकण्याची किंमत होतं. क्लेमाँटमध्ये काम हे शिकण्याचा भाग होतं : कांदा चिरताना खांदा ताठ होतो का, हे ज्याला दिसलं त्याला पिक धरतानाचा ताणही दिसतो. आणि या बाबतीत मला आधार वाटतो तो आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईचा. जात्यावर बसलेल्या बाईनं हाताचं काम आणि मुखातलं गाणं वेगळं ठेवलं नाही. फ्रिप यांच्या वर्तुळाला तत्त्वज्ञानाची टाचणं जोडण्यापेक्षा मी मुलांना एकदा गोदाकाठी घेऊन गेलो, आणि समोरासमोर दोन रांगांत उभे राहून हरिपाठ म्हणणारे वारकरी दाखवले. एका रांगेनं टाकलेलं चरण दुसरी रांग उचलते. मध्ये टाळ थांबत नाही. मुलांना दोन मिनिटांत कळलं.

अशा वाटेनं गेलेले फ्रिप एकटेच नाहीत. जो सॅट्रियानी यांनी उलट प्रवास केला : आधी शिक्षक, मग प्रसिद्धी. बर्कली शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात ते वर्षानुवर्षं शिकवत होते. मेटॅलिकाचे कर्क हॅमेट त्यांचे विद्यार्थी, आणि त्याही आधी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या गावी त्यांनी कोवळ्या वयातल्या स्टीव्ह वाय यांना शिकवलं होतं. १९८७ च्या 'सर्फिंग विथ द एलियन'नंतर दौरे सुरू झाले आणि वर्ग सुटले. आपल्या देशात बेंगळुरूच्या 'थर्मल अँड अ क्वार्टर' बँडचे ब्रूस ली मणी यांनी 'ताकॅडमी' ही संगीतशाळा उभी केली. आयआयटी मद्रासमध्ये रॉक वाजवणारे प्रसन्ना कर्नाटक संगीत गिटारवर आणून पुढे चेन्नईजवळच्या स्वर्णभूमी संगीत अकादमीचे प्रमुख झाले. मुंबईत तर १९८६ पासून रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव रंगायचा. त्या मंचाखाली उभी राहिलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांतली कितीतरी गावोगावी शिकवत असतील. त्यांच्यासाठीही हे पुस्तक आहे.

पुस्तक वापरण्याबद्दल थोडं. फ्रिप यांच्या जुळणीसाठी नेहमीचा तारांचा संच चालत नाही. दुसरी तार बीवरून थेट ईपर्यंत चढवायची तर ती तुटते आणि डोळ्याला लागू शकते. म्हणून संचातली नेहमीची पहिली तार दुसऱ्या जागी लावा आणि पहिल्या जागी त्याहून बारीक तार घ्या. सहावी तार सीपर्यंत उतरवली की ढिली पडून खडखडते; तिथे जाड तार हवी. आम्ही तारा औरंगाबादहून किंवा हैदराबादहून मागवायचो, देवगिरी एक्स्प्रेसनं कुणी येणारा असला की त्याच्या हाती. आता घरपोच येतात. पहिल्या चार प्रकरणांत डाव्या हाताला काहीच काम नाही, फक्त मोकळ्या तारा आणि उजवा हात. मुलं कंटाळतील. पालक विचारतील, "सर, महिना झाला, अजून एक गाणं येत नाही याला." मीही या प्रश्नानं आधी घाबरायचो. आता पालकांनाच वर्तुळात बसवतो, हातात गिटार देतो आणि एक मोकळी तार वाजवायला सांगतो. नुसती एक, आपली पाळी आली की.

मागच्या गुरुवारी सात मुलं होती. भूपाचा आरोह-अवरोह फिरवायचा, प्रत्येकाचा एक स्वर. सात जणांत पाच स्वर आणि वरचा सा, त्यामुळे प्रत्येक फेरीत आपला स्वर बदलतो. मागच्या वेळी गंधार वाजवला असेल तर आता दुसराच येतो. पहिल्या दिवशी दीड फेरीत साखळी तुटली होती, आणि तोडली ती सगळ्यात तयार हाताच्या मुलानं, कारण तो स्वतःच्या स्वराची वाट पाहत होता, शेजारणीचा ऐकत नव्हता. गुरुवारी अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीत वीज गेली. खोलीत अंधार, पंखा थांबला, आणि धैवत पलुसकरांच्या तसबिरीखाली बसलेल्या आठवीतल्या मुलीकडे होता. तिनं तो वाजवला. मग पुढचा सा आला, मग पुन्हा धैवत, मग पंचम. वीज चाळीस मिनिटांनी आली. तोवर आम्ही फेऱ्या मोजायचं विसरून गेलो होतो.